धरणाचं पाणी हिरवं का होतं, आणि किती हिरवं होणार हे आधी कसं कळतं?

उन्हाळा आला की उजनीच्या हिरव्यागार पाण्याचे फोटो मोबाईलवर फिरायला लागतात. खालच्या कमेंटही ठरलेल्या असतात. कुणी म्हणतं हे पुण्याचं सांडपाणी. कुणी म्हणतं कारखाने. कुणी शेतकऱ्यांच्या खतांवर बिल फाडतं. आणि एखादा हमखास लिहितो, "हे नैसर्गिक आहे, दरवर्षीच होतं."

या सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर असू शकतं. खरा प्रश्न असतो तो कोणाचं किती, हा. आणि तो वादावादीनं सुटत नाही, त्याला हिशेब लागतो.

असा हिशेब कसा मांडायचा, हे उत्तर युरोपातल्या थंड समुद्रांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत शिकून घेतलंय. नॉर्वेचा समुद्र आणि जुन्नर-आंबेगावची धरणं यांचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण पाणी हिरवं करणारे जीव दोन्हीकडे एकाच नियमानं वाढतात. डिंभे, येडगाव आणि खाली उजनी यांच्यासाठी तो नियम काय सांगतो, ते बघू.

आधी ओळख: प्लवक म्हणजे कोण?

पाण्यात तरंगणारे, प्रवाहाबरोबर वाहत जाणारे सूक्ष्म जीव म्हणजे प्लवक. यांचे दोन मोठे गट आहेत.

पहिला, वनस्पतिप्लवक. ही डोळ्यांना सुटी न दिसणारी शेवाळं. शेतातल्या पिकासारखीच ती ऊन घेतात आणि पाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन वाढतात. पाण्याला हिरवा रंग येतो तो यांच्यामुळे.

दुसरा, प्राणिप्लवक. हे शेवाळं खाणारे बारीक जीव. आणि यांना मासे खातात. आपल्या धरणांत सोडला जाणारा कटला मासा मुख्यतः याच प्राणिप्लवकांवर वाढतो. डिंभे जलाशयात धरणामुळे विस्थापित झालेली आदिवासी कुटुंबं मासेमारी करतात, त्यांच्या जाळ्यात येणारा मासाही शेवटी या सूक्ष्म शेवाळावरच पोसलेला असतो.

म्हणजे पाण्यात शेवाळ असणं हा दोष नाही. ते अजिबात नसेल तर मासाही नसेल. गडबड होते ती शेवाळ अतोनात वाढल्यावर. रात्री ऊन नसतं, तेव्हा हे सगळं शेवाळ पाण्यातला ऑक्सिजन वापरतं. मेल्यावर ते तळाशी कुजतं, त्यातही ऑक्सिजन खर्च होतो. मग पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात आणि कधी मरून तरंगतात.

मॉडेल म्हणजे जमाखर्चाची वही

'कॉम्प्युटर मॉडेल' हा शब्द ऐकला की काहीतरी अवघड वाटतं. प्लवकांचं मॉडेल म्हणजे मुळात जमाखर्चाची वही असते. त्यात तीन खाती: पोषकद्रव्यं, शेवाळ, आणि शेवाळ खाणारे. रोज एका खात्यातून दुसऱ्या खात्यात किती गेलं, ते लिहायचं. शेवाळानं स्फुरद खाल्लं की पहिल्या खात्यातून वजा, दुसऱ्यात जमा. प्राणिप्लवकांनी शेवाळ खाल्लं की दुसऱ्यातून वजा, तिसऱ्यात जमा. मेलेले जीव कुजले की काही भाग परत पहिल्या खात्यात.

एक छोटं उदाहरण करून बघा. समजा पाण्यात पोषकद्रव्यांचे १०० घटक आहेत आणि शेवाळाचा १. शेवाळ रोज दुप्पट होतं. मग १, २, ४, ८, १६, ३२ आणि सहाव्या दिवशी ६४. सातव्या दिवशी १२८ व्हायला हवं, पण तेवढं खाणंच उरलेलं नाही. वाढ तिथे थांबते.

आता पोषकद्रव्यं दुप्पट करा, २०० घटक. काय होईल? शेवाळ १२८ वर जाऊन मग अडेल. म्हणजे फक्त एक दिवस जास्त लागला, पण शेवाळाचा ढीग मात्र दुप्पट झाला.

या खेळातून कळते ती गोष्ट पुढे सगळीकडे कामाला येते. पोषकद्रव्यं ठरवतात शेवाळ किती होणार. ते कधी होणार, हे मुख्यतः ऊन आणि पाण्याची हालचाल ठरवते.

आणि काल स्वच्छ असलेलं पाणी आठवड्यात हिरवं कसं झालं, याचं उत्तरही इथेच आहे. दुपटीनं वाढणारी गोष्ट शेवटच्या दोन-तीन दिवसांतच डोळ्यांना दिसते. १, २, ४ कुणाच्या लक्षात येत नाही. ३२ चे ६४ झाले की फोटो निघतो.

अमेरिकेच्या गॉर्डन रायली यांनी १९४६ साली समुद्रातल्या प्लवकांचं असं गणित पहिल्यांदा नीट मांडलं. ते होतं अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या जॉर्जेस बँक या मासेमारीच्या भागासाठी. तेव्हा हाताशी कॉम्प्युटर नव्हता, आकडेमोड हातानंच केली. आजची मॉडेल समुद्राचे हजारो चौकोन आणि खोलीचे थर पाडून प्रत्येकासाठी अशी वही चालवतात, म्हणून मोठे कॉम्प्युटर लागतात. पण वहीची पद्धत तीच.

'कधी' हे कोण ठरवतं? नॉर्वेच्या समुद्राची गोष्ट

उत्तरेकडच्या समुद्रात हिवाळ्यात पोषकद्रव्यं भरपूर असतात, पण शेवाळ जवळपास नसतं. मग वसंत ऋतूत काही आठवड्यांत पाणी एकदम हिरवं होतं, इतकं की उपग्रहातून दिसतं. असं का?

नॉर्वेचे शास्त्रज्ञ हॅराल्ड स्वेरड्रुप यांनी १९५३ साली याचं एक उत्तर दिलं. नॉर्वेजियन समुद्रात उभ्या असलेल्या एका हवामान-जहाजावरून १९४९ मध्ये घेतलेल्या नोंदी त्यांनी वापरल्या. त्यांचा मुद्दा असा: हिवाळ्यात वारा आणि थंडी समुद्राचं पाणी खूप खोलपर्यंत घुसळून काढतात. शेवाळ या घुसळणीत वर-खाली फिरत राहतं आणि त्याचा बराच वेळ खालच्या अंधारात जातो. खाणं आहे, पण ऊन नाही. वसंतात सूर्य वरचं पाणी तापवतो. गरम पाणी हलकं, म्हणून ते वरच तरंगतं आणि पातळ थर तयार होतो. शेवाळ त्या थरात, म्हणजे उन्हात अडकून राहतं. मग १ चे २ आणि २ चे ४ सुरू.

या सिद्धांतावर पुढे बराच वाद झाला. २०१० मध्ये तर 'तो आता सोडून द्या' असं म्हणणारा शोधनिबंध आला. वाढीची सुरुवात भर हिवाळ्यातच होते, कारण घुसळणीमुळे शेवाळ आणि ते खाणारे जीव एकमेकांपासून लांब पांगतात, असा त्यातला दावा होता. म्हणजे तिसऱ्या खात्याकडे जास्त लक्ष द्या. हा वाद घालता येतो, कारण दोन्ही बाजू आपापली वही उघडून दाखवतात आणि समुद्रातल्या मोजमापांशी ताडून बघतात.

असंच काहीसं आपल्या शेजारीही घडतं. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावरून कोरडे, गार वारे वाहतात, वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं आणि खालची पोषकद्रव्यं वर येतात. त्यानंतर तिथे शेवाळाची मोठी वाढ होते. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था २०२१ पासून भारताभोवतीच्या समुद्रात अशा वाढीवर नजर ठेवून माहिती देते.

आपल्या धरणांत हंगाम वेगळा

आता जुन्नर-आंबेगावात या. इथे उन्हाची कमतरता नाही. मग 'कधी' कशावर ठरतं?

पावसाळ्यात शेतातली माती, खत, गावांचं सांडपाणी, सगळं ओढ्यांतून धरणात येतं. पोषकद्रव्यांचं खातं याच काळात भरतं. पण तेव्हा पाणी गढूळ असतं, आभाळ भरलेलं असतं आणि प्रवाह जोरात. शेवाळाला ना ऊन मिळतं ना निवांत जागा. म्हणून ऑगस्टमध्ये पाणी चहासारखं दिसतं, हिरवं नाही.

पावसाळा संपला की गाळ बसतो, पाणी निवळतं, ऊन आत जातं. वाढ सुरू होऊ शकते. मार्चनंतर आणखी दोन गोष्टी घडतात. आवर्तनं सुटून पाणी कमी होत जातं, आणि वरचा थर तापून खालच्या गार पाण्यापासून वेगळा होतो. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळात घट्ट धरून ठेवलेलं स्फुरद सुटून परत पाण्यात येतं. म्हणजे बाहेरून थेंबभर सांडपाणी आलं नाही, तरी उन्हाळ्यात धरण स्वतःच्या गाळातूनच जेवू शकतं.

तापमानाचाही फरक आहे. शेवाळाच्या वाढीचा जास्तीत जास्त वेग दर १० अंशांना जवळपास दुप्पट होतो. नॉर्वेजवळचं ७-८ अंशांचं पाणी आणि आपलं २७-२८ अंशांचं पाणी यांत हा वेग साडेतीन पटींपर्यंत वेगळा असू शकतो. म्हणून युरोपातलं तयार मॉडेल उचलून इथे तसंच चालवलं तर तारखा चुकणार. वहीची पद्धत घ्यायची, आकडे इथले भरायचे.

'किती' हे कोण ठरवतं? कॅनडातला पडदा

शेवाळाला नत्र लागतं, स्फुरद लागतं, कार्बन लागतो. यातलं नेमकं कोणतं कमी केलं तर वाढ थांबेल? यावर १९६० च्या दशकात मोठा वाद होता. साबण-पावडरीत तेव्हा भरपूर फॉस्फेट असायचं, त्यामुळे प्रश्न धंद्याचाही होता.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १९७३ साली शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा टाकला. तळ्याचे दोन भाग झाले. दोन्हींत नत्र आणि कार्बन घातला. स्फुरद फक्त एका भागात. काही आठवड्यांत स्फुरदाचा भाग गर्द हिरवा झाला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेला त्या तळ्याचा फोटो पुढे अनेक देशांत फॉस्फेटवर मर्यादा आणताना दाखवला गेला.

यातून ढोबळ नियम निघाला. समुद्रात बहुतेक वेळा नत्र आधी संपतं, गोड्या पाण्यात स्फुरद. गोड्या पाण्यातली काही निळी-हिरवी शेवाळं हवेतलं नत्र स्वतःच बांधून घेतात, त्यामुळे नुसतं नत्र कमी करून ती आटोक्यात येत नाहीत. स्फुरद मात्र हवेतून असं ओढून घेता येत नाही. ते कुठून तरी वाहतच यावं लागतं.

डीएपीच्या एका गोणीचा हिशेब

शेवाळात कार्बन, नत्र आणि स्फुरद सरासरी एका ठरावीक प्रमाणात असतात. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ पासून हे प्रमाण दाखवून दिलं. स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे १६ आणि कार्बनचे १०६. वजनात सांगायचं तर एक किलो स्फुरद ४१ किलो कार्बन असलेलं शेवाळ उभं करू शकतं. कोरड्या वजनात ते शंभर किलोंहून जास्त भरतं.

आता डीएपीची ५० किलोची गोणी घ्या. गोणीवर १८:४६ लिहिलेलं असतं. हे ४६ टक्के ऑक्साइडच्या रूपातले, शुद्ध स्फुरद मोजलं तर २० टक्के. म्हणजे एका गोणीत १० किलो स्फुरद. हे सगळंच्या सगळं पाण्यात गेलं, तर एक टनाहून जास्त कोरडं शेवाळ!

अर्थात तसं होत नाही. स्फुरद मातीला घट्ट चिकटतं, काही पीक घेतं. पाण्यात जातं ते मुख्यतः वाहून जाणाऱ्या मातीबरोबर. समजा फक्त पाच टक्के गेलं. अर्धा किलो. तरी पन्नास किलोंहून जास्त कोरडं शेवाळ.

आता धरणाच्या बाजूनं बघू. तलावांची वर्गवारी करताना जगभर वापरले जाणारे निकष सांगतात, की पाण्यात लिटरमागे सरासरी ३५ मायक्रोग्रॅमच्या वर स्फुरद असेल, तर ते पाणी पोषकद्रव्यांनी जास्त भरलेलं, म्हणजे शेवाळाला पूरक समजावं. डिंभे धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे जवळपास २,८३२ कोटी लिटर. गुणाकार केला तर पूर्ण भरलेल्या डिंभ्याला त्या रेषेपर्यंत न्यायला साधारण १२ टन ४०० किलो स्फुरद लागेल. म्हणजे डीएपीच्या सुमारे १,२४० गोण्यांतलं.

येडगावचा उपयुक्त साठा जवळपास दोन टीएमसी. तिथे दोन टन पुरेल. दोनशे गोण्या.

हा आकडा पाण्यात पोचणाऱ्या स्फुरदाचा आहे, शेतात टाकलेल्या खताचा नाही, हे लक्षात ठेवा. पण कांदा, टोमॅटो, ऊस, द्राक्षं घेणाऱ्या पट्ट्यात दोनशे गोण्या म्हणजे किती, हे नारायणगाव-मंचरच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात बसणाऱ्याला सांगायची गरज नाही.

उजनीचं उत्तर येडगावला चालत नाही

कुकडी आणि मीना या नद्या घोडला मिळतात. घोड पुढे शिरूर तालुक्यातल्या चिंचणीच्या धरणातून जाऊन भीमेला मिळते, आणि भीमा उजनीत. म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या शेतांतून वाहिलेलं काही ना काही उजनीपर्यंत जातं. मग उजनीच्या हिरव्या पाण्याला इथला शेतकरी जबाबदार का?

पुन्हा हिशेब. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. लिटरमागे ३५ मायक्रोग्रॅमच्या रेषेसाठी सुमारे ११६ टन स्फुरद लागेल. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अर्धा किलो स्फुरद बाहेर पडतं. म्हणजे दोन लाख तीस हजार लोकांचं वर्षभराचं. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची मिळून लोकसंख्या ४८ लाखांवर होती, आणि या शहरांचं पाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीकडेच जातं. सगळं स्फुरद धरणात पोचत नाही, काही सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत निघतं, काही वाटेत गाळात बसतं, काही पुराबरोबर पुढे जातं. तरी तराजूचं पारडं कुठे झुकतं, ते दिसतं.

येडगावचं मात्र तसं नाही. तिथे पुण्याचं सांडपाणी येत नाही. वरच्या भागातल्या गावांचं सांडपाणी आणि शेतं, हेच तिथले मुख्य स्रोत. डिंभ्याचा डावा कालवा येडगावपर्यंत पाणी आणतो, तो भीमाशंकरच्या डोंगराकडून येणाऱ्या पाण्याचा. त्यात पोषकद्रव्यं कमी असतील, तर ते येडगावचं पाणी पातळ करतं. म्हणजे हे आवर्तन कधी सोडायचं, याचा परिणाम सिंचनाबरोबर शेवाळावरही होऊ शकतो.

आणखी एक फरक पाणी किती काळ थांबतं याचा. येडगाव लहान आहे, त्यातून पाणी पुढे जात राहतं. शेवाळ दुप्पट व्हायच्या आतच पाणी निघून गेलं तर ढीग साचत नाही. उजनीत ६३ टीएमसीहून जास्त, म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठा आहे. ते थांबतं, तापतं, गाळाशी देवाणघेवाण करत राहतं.

म्हणून 'शेतकरी की शहर' याचं एकच उत्तर सगळ्या धरणांना नसतं. प्रत्येक धरणाची वही वेगळी लिहावी लागते.

कोणाचा किती वाटा? बाल्टिकनं काय केलं

नेमका हाच भांडणाचा मुद्दा बाल्टिक समुद्राभोवतीच्या नऊ देशांपुढे होता. बाल्टिक थंड आहे, जवळपास बंदिस्त आहे आणि त्यातलं पाणी बदलायला काही दशकं लागतात. उन्हाळ्यात तिथे निळ्या-हिरव्या शेवाळाचे पट्टे पसरतात. स्वीडन म्हणणार पोलंडची शेती, पोलंड म्हणणार इतरांची शहरं.

२००७ साली या देशांनी एक कृती आराखडा मान्य केला. त्याआधी स्टॉकहोममध्ये तयार झालेल्या एका मॉडेलवर हिशेब केला गेला: समुद्राचा कोणता भाग किती नत्र आणि स्फुरद सोसू शकतो, आणि त्यासाठी कोणत्या देशानं किती टन कमी करायचं. आकडे देशवार लिहिले गेले. २०१३ मध्ये सुधारित हिशेबावर ते बदललेही. मॉडेलचा खरा उपयोग इथे दिसतो. 'तुमचंच घाण पाणी' हे वाक्य जाऊन त्या जागी टनांचा आकडा येतो. आकड्यावर वाद घालता येतो, तो तपासता येतो आणि दुरुस्तही करता येतो.

उत्तर समुद्राचा अनुभवही शिकण्यासारखा आहे. तिथल्या देशांनी १९८७ मध्ये ठरवलं, की १९८५ च्या तुलनेत १९९५ पर्यंत त्रासदायक भागांत जाणारं नत्र आणि स्फुरद साधारण निम्म्यावर आणायचं. स्फुरदात बऱ्याच देशांना यश आलं, नत्रात नाही. कारण सोपं आहे. स्फुरदाचा मोठा भाग सांडपाण्याच्या पाइपातून आणि साबण-पावडरीतून येत होता. पाइपाच्या तोंडाशी प्रक्रिया केंद्र बसवता येतं. नत्र येत होतं लाखो शेतांतून, आणि प्रत्येक बांधावर केंद्र बसवता येत नाही.

बाल्टिकचा दुसरा धडा धीराचा आहे. बाहेरून येणारं स्फुरद कमी केल्यावरही तळाच्या गाळातलं स्फुरद वर्षानुवर्षं सुटत राहतं. मॉडेल हे आधीच सांगतं, म्हणून दोन वर्षांत फरक दिसला नाही तर 'सगळा पैसा पाण्यात' असं म्हणून काम बंद पडत नाही.

मॉडेल कुठे चुकतं?

वहीत चुकीच्या नोंदी केल्या तर बेरीज बरोबर येऊनही उत्तर चुकणार. प्लवकांच्या मॉडेलचं सगळ्यात मोठं दुखणं हेच.

आपल्याकडे वर्षाचं बहुतेक स्फुरद जून-जुलैच्या पहिल्या काही मोठ्या पावसांत वाहून येतं. महिन्यातून एकदा नमुना घेतला आणि तो कोरड्या दिवशी पडला, तर मुख्य जमाच वहीतून सुटली. घाटमाथ्यावर काही किलोमीटरच्या अंतरात पाऊस प्रचंड बदलतो. भीमाशंकरला धो-धो आणि मंचरला भुरभुर, हे तिथल्यांना माहीत आहे. पाऊस मोजणारी केंद्रं विरळ असतील, तर मॉडेलला नदीचं पाणीच नीट कळत नाही.

पुण्याच्या वरच्या भागातल्या मुळा आणि मुठा नद्यांच्या खोऱ्यासाठी जर्मनीचं कोलोन विद्यापीठ आणि पुण्याचं भारती विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 'स्वॅट' हे मॉडेल चालवून बघितलं, त्याचा शोधनिबंध २०११ मध्ये आला. हे मॉडेल अमेरिकेच्या कृषी खात्यानं विकसित केलंय, मोफत आहे, आणि पाऊस, जमीन, पीक, खत यांवरून नदीत काय उतरतं याचा अंदाज देतं. घाटातला पाऊस, धरणांतून सोडलेलं पाणी आणि अपुऱ्या नोंदी हे सगळं सांभाळत असं मॉडेल सह्याद्रीत कसं बसवायचं, हा त्या कामाचा विषय होता. मुळा-मुठेचं खोरं घोडच्या खोऱ्यापासून लांब नाही, डोंगरही तेच.

घोड खोऱ्यासाठी अशी वही मांडायची तर

पहिली गरज मोजमापाची. प्रत्येक धरणात येणारं आणि बाहेर जाणारं पाणी, दोन्ही ठिकाणी स्फुरद आणि नत्र, आणि पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात हे नमुने दिवसाआड. पाण्याचा साठा जलसंपदा विभाग रोज मोजतोच, तो आकडा मॉडेलला थेट वापरता येतो.

दुसरी, धरणाच्या खोलीवारी नोंदी. वर, मध्ये आणि तळाशी तापमान आणि ऑक्सिजन. तळ कधी गुदमरतो ते कळलं, तर गाळातून स्फुरद कधी सुटणार ते कळतं. यासाठी मोठं जहाज लागत नाही. होडी, दोरी आणि एक मीटर पुरतो. धरणात रोज होडी घालणारे मच्छीमार आहेतच.

तिसरी, खतांचा तालुकावार वापर आणि माती परीक्षणाचे निकाल. जमिनीत आधीच स्फुरद साठलेलं असेल, तर आणखी टाकलेल्या गोणीचा पिकाला उपयोग कमी आणि ओढ्याला जास्त. इथे शेतकऱ्याच्या खिशाचं आणि धरणाचं हित एकच आहे.

हे जमलं की मॉडेलला 'समजा' विचारता येतं. समजा वरच्या गावांचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडलं तर? समजा ओढ्याकाठी दहा फुटांची गवताची पट्टी ठेवली तर? समजा एप्रिलचं आवर्तन पंधरा दिवस आधी सोडलं तर? प्रत्येक 'समजा' प्रत्यक्षात करून बघायला एक अख्खं वर्ष आणि मोठा खर्च लागतो. वहीत ते दुपारभरात होतं.

आणि पुढचा हिरवा फोटो आला तर?

आधी महिना बघा. मार्च ते जून असेल तर जुना गाळ आणि कमी झालेलं पाणी यांचाही त्यात हात असू शकतो, कालच कुणी काही सोडलं असं लगेच समजू नका.

मग हिरवं नेमकं काय आहे ते बघा. पानं आणि जांभळी फुलं असतील तर ती जलपर्णी, शेवाळ नाही. खाणं दोघांचं तेच, उपाय मात्र वेगळे.

फोटो खरा आहे का आणि पट्टा किती मोठा, हे युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांत कुणालाही मोफत पाहता येतं. ढग नसतील तर साधारण पाच दिवसांनी नवं चित्र मिळतं. उपग्रहाला रंग दिसतो, स्फुरद दिसत नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

आणि एक सावधगिरी. सगळं हिरवं पाणी विषारी नसतं, पण काही निळी-हिरवी शेवाळं यकृताला घातक विष तयार करतात. हे विष पाणी उकळून जात नाही. रंग सांडल्यासारखा दाट थर काठाला दिसला, तर ते पाणी पिऊ नका, जनावरांना पाजू नका, आणि ग्रामपंचायतीला किंवा पाणीपुरवठा विभागाला नमुना तपासायला सांगा. तपासणीत स्फुरदाचाही आकडा मागून घ्या. वहीतली पहिली नोंद तिथूनच सुरू होऊ शकते.